हात चालू, तोंड बंद

काजूचे बोंडू पडायला लागले की वास आधी येतो, बोंडू मागाहून दिसतात. सकाळी दार उघडलं की तो नाकात शिरतो. गोड, आंबूस, घशाला खवखवणारा. लोक त्याचं फार कौतुक करतात. मला तो कधी आवडला नाही. कपड्यांना लागतो, केसांना लागतो, बोटांच्या बेचक्यांत राहतो आणि जेवताना भाताला येतो. ह्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता तो आला तेव्हा मी सोप्यावर बसून तांदूळ निवडत होते. आतून सुनेचा आवाज आला, "मांय, आला गो वास!" आमच्याकडे सासूला मांय म्हणतात. मी म्हटलं, "आला तर टोपल्या काढ. सांगतेस काय?"

खरं सांगायचं तर त्या वासाबरोबर मला आता काजू आठवत नाहीत. मला किंचाळणारे फोन आठवतात. आणि ट्रक.

काही वर्षांपूर्वीचा हंगाम. महामारी येऊन गेली होती, तोंडावरची फडकी उतरली होती. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, सड्याच्या म्हणजे डोंगरावरच्या पठाराच्या अगदी कडेला. खाली गाव, त्याच्याही खाली माडांच्या बागा. समोरचा डोंगर खाणीने कापलेला आहे. त्याचं लाल अंग सोप्यावरून दिसतं, पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं चढतं आणि उन्हाळ्यात पुन्हा उतरतं. खाली गावात फोनला रेंज मिळत नाही, आमच्याकडे मिळते. कोणाचा मुलगा दुबईहून फोन करणार असला की त्याची आई चढ चढून आमच्या सोप्यावर येऊन बसते. मी पाणी देते आणि तिच्या घरच्या सगळ्या गोष्टी ऐकते. न ऐकून करणार काय? ती ओरडून बोलते.

माझी सून सुनंदा एका छोट्या कॉलेजात शिकवते. समाजकार्य शिकवावं लागतं हे मला ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी विचारलं होतं, "लोकांच्या घरी जाऊन बोलायला पगार देतात?"

ती म्हणाली, "बोलायला नाही, ऐकायला."

मला वाटलं, मुलगी वेडी आहे आणि विष्णूला कोणी सांगितलं नाही. विष्णू माझा मुलगा.

पुढे कळलं, ती वेडी नव्हती. कॉलेजातल्या मुलांना गावागावांत पाठवतात, ती कोणाच्या घरी दारू आहे, कोणाची म्हातारी उपाशी आहे, कोणाची मुलगी शाळा सोडून बसली आहे ते बघतात, माणसांशी बोलतात आणि काय करता येईल ते शोधतात. ह्याला ते फील्डवर्क म्हणतात. ते सुनंदा शिकवते. तिची एक रीत आहे. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. समोरचा गप्प झाला तरी आपण घाईने बोलायचं नाही, त्याचं गप्प बसणं त्याला पुरं करू द्यायचं. घरीसुद्धा ती हेच करते. "मांय, गुडघा दुखतो?" असं विचारते आणि नुसती बघत राहते. मी म्हणते, नाही. ती बघतच राहते. शेवटी माणूस वैतागून खरं सांगून टाकतो.

तर त्या वर्षी कॉलेजाने ठरवलं, की मुलं पेडण्याहून, सत्तरीतून, दोडामार्गाकडून रोज बस बदलत येतात, त्यापेक्षा त्यांनी आपापल्या भागात राहून फील्डवर्क करावं आणि शिक्षकांनी काही वर्ग फोनवरून घ्यावेत. महामारीत कसंबसं निभावलं होतं, आता नीट शिकून घ्यायचं. परीक्षेच्या आधी प्रत्येक शिक्षकाने असा एक वर्ग सगळ्यांच्या देखत घेऊन दाखवायचा. ज्याला जमणार नाही त्याचा विषय दुसऱ्याकडे जाईल.

सुनंदाने आधी एकटीनेच करून बघितलं. खोलीचं दार लावून, जनेल उघडं ठेवून. जनेल म्हणजे खिडकी, आमच्याकडे अजून तोच शब्द आहे. त्या जनेलाखाली मी वाल सोलत बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं. तिने एका मुलाला विचारलं, "त्या घरात गेल्यावर तुला स्वतःला कसं वाटलं?" आणि थांबली. तिच्या सवयीप्रमाणे.

लगेच फोनातून आरडाओरडा. "मॅडम, ऐकू येतंय?" "मॅडमचं नेट गेलं." "अरे, मॅडम अडकल्या." ती सांगायला गेली की मी आहे इथेच, तोवर निम्मी मुलं निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी तेच.

ती स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढे पाटावर बसली. म्हणाली, "मांय, मी नोकरी सोडते."

"सोडून काय करशील?"

"घरी बसेन."

तेव्हा मी बाहेर बघितलं. अंगणाच्या कडेला, काजूच्या झाडाखाली, ट्रक उभा होता.

घरी बसणं म्हणजे काय ते मी बघितलं होतं. विष्णूचा ट्रक खाणीवर चालायचा. खाण बंद झाली तेव्हा त्याने तो झाडाखाली आणून लावला आणि म्हणाला, पावसाळ्यानंतर सुरू होईल. पावसाळा गेला. मग म्हणाला, पुढच्या वर्षी. दर रविवारी तो ट्रक धुवायचा. ज्या चाकांना चिखल लागत नाही ती धुवायची कशाला? तरी धुवायचा. बाल्दी भरायचा, फडकं पिळायचा, काचा पुसायचा. माणूस वाट बघायला लागला की त्याचा आवाज बारीक होतो, हे मला तेव्हा कळलं. जेवताना वाढ म्हणायचा तेसुद्धा ऐकू यायचं नाही. शेवटी तो उठला आणि साखळी गावातल्या एका दुकानाचा माल पोचवायला लागला, दुसऱ्याच्या गाडीने. पण उठायला त्याला फार वर्षं लागली, आणि ट्रक तसाच उभा राहिला.

आणि आता सून म्हणत होती, घरी बसेन.

मी म्हटलं, "ऐक. माका स्वयंपाकघरात दुसरी बाई नको. मीठ कुठे, डाळ कुठे, मला विचारत बसशील. तू शीक."

"माझ्याच्याने होत नाही हो."

"गाडीचा ब्रेकसुद्धा तुझ्याच्याने होत नव्हता. पोदेराच्या सायकलीवर घातली होतीस. आता म्हापशापर्यंत जातेस." पोदेर म्हणजे आमचा पाववाला. त्या दिवशी त्याचे सगळे उंडे रस्त्यावर लोळले होते आणि आम्ही दोन दिवस पावच खाल्ला होता.

ती हसली नाही. पण उठली. मला तेवढं पुरे होतं.

तिच्या कॉलेजातल्या बाकीच्यांचीही तीच गत होती, फक्त कोणी कोणाला सांगत नव्हतं. शेवटी एकीने सांगितलं आणि ठरलं, की बाहेरचा माणूस आणायचा नाही, आपण एकमेकांनाच शिकवायचं. रेंज आमच्याकडे, म्हणून रविवारी आमच्याकडे. दोनतीन जणी होत्या त्या मवाळ होत्या, त्यांचं मला फार आठवत नाही. पण गावस सर आठवतात. दोडामार्गाकडचे, निवृत्तीला टेकलेले, पोट पुढे, आवाज देवळातल्या ढोलासारखा. आणि लीना. म्हापशाची मुलगी, वयाने माझी नात शोभेल अशी, स्कूटरवरून यायची. तिला त्यातलं जास्त येत होतं, पण ती ते मिरवत नव्हती. मला अशी माणसं चालतात.

समाजकार्याची माणसं कुठेही गेली की आधी गोल करून बसतात. खुर्च्या असोत, चटया असोत, गोल. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, सगळे सारखे, असा त्यांचा नियम. पहिल्या रविवारी ते आमच्या सोप्यावर गोल करून बसले. प्रत्येकाच्या मांडीवर एक फोन. सगळ्यांनी एकाच मीटिंगेत जायचं होतं. गेले. गावस सर खाकरले आणि म्हणाले, "नमस्कार."

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळे फोन एकदम किंचाळायला लागले. कोंबड्या उडाल्या. कुत्रा ट्रकाखाली जाऊन बसला. गावस सरांनी घाबरून आणखी मोठ्याने "नमस्कार, नमस्कार" केलं तसे फोन आणखी किंचाळले. मी हातात झारा घेऊन बाहेर आले.

"काय गो सुनंदा, फोनांक भूत लागलां काय?"

लीना हसून हसून लोळायच्या बेतात. म्हणाली, "आजी, सगळे फोन जवळ जवळ आहेत ना. एकाचं बोलणं दुसरा ऐकतो आणि ओरडतो, त्याचं तिसरा ऐकतो आणि ओरडतो."

गावस सर म्हणाले, "आमच्या स्टाफ मीटिंगेत असाच होता. पण थंय बटन नाय."

मग गोल मोडावा लागला. एक विहिरीपाशी, एक परसात, लीना स्वयंपाकघरात, सुनंदा ट्रकापाशी आणि गावस सर गोठ्यात. घर एकच, पण सगळे लांब लांब बसून एकमेकांशी फोनवर बोलत होते. खालून चढून आलेल्या एका बाईने ते बघितलं आणि मला हळूच विचारलं, "भांडलेत काय गो?"

गोठ्यातून गावस सरांचा आवाज फोनशिवायच ऐकू यायचा. "सुनंदाबाई, मी तुमका दिसतंय?"

"सर, कपाळ दिसतं."

"आणि मागे?"

"मागे म्हशीचं शेपूट."

"मगे बरोबर आसा. दोगांची हजेरी लावा."

पेडण्याकडे माझ्या माहेरी आमच्या शाळेत एकच गुरुजी होते आणि वर्ग चार. ते एका वर्गाला घेऊन बसले की बाकीच्या वर्गांत मोठ्या मुली लहानांना शिकवायच्या. मला जे काही येतं ते मी एका गावड्याच्या मुलीकडून शिकले, ती माझ्याहून एका वर्गाने पुढे होती. चुकलं तर ती चिमटा काढायची. पुढे माझी शाळा चौथीत संपली, तिचीही संपली. तरी ह्या मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना त्या रविवारी बघून मला ती शाळा आठवली. दुसऱ्याला शिकवायची सवय लागलेल्या माणसाला "मला येत नाही" म्हणणं जड जातं. सुरुवातीला ते लपवायचे. फोन पाठीमागे धरायचे, चार्जर विसरला म्हणायचे. पुढे पुढे गावस सर आल्या आल्या अंगणातूनच ओरडायचे, "गेल्या रविवारचा सगळा विसारलंय! कोण शिकयता?" आणि ते ओरडले की बाकीच्यांनाही आपण काय विसरलो ते सांगायला सोपं जायचं. लाज एकाने टाकली की दुसऱ्यांची आपोआप सुटते.

पण सुनंदाचं जमत नव्हतं. बटणं तिला यायला लागली होती. लिंक पाठवायची, स्क्रीन दाखवायची, मुलांची नावं बघायची, सगळं. जमत नव्हतं ते तिचं थांबणं. लीना स्वयंपाकघरात बसून दुःखी बाई व्हायची आणि सुनंदा ट्रकापाशी बसून तिला प्रश्न विचारायची. विचारलं की थांबायची. थांबली की गोठ्यातून आवाज, "बाई, गेलात काय?"

लीना म्हणाली, "मॅडम, मधे मधे 'हं, हं' म्हणत राहा ना. म्हणजे कळेल तुम्ही आहात ते."

सुनंदा म्हणाली, "मी हं म्हटलं की माणूस माझ्या 'हं'साठी बोलायला लागतो. मग त्याचं त्याचं काही बाहेर येत नाही." आणि तिने फोन पालथा ठेवला. "ह्या यंत्राला थांबणं कळत नाही. आणि मला दुसरं काही येत नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला चाललं असतं. पण तिचा आवाज बारीक झाला होता. विष्णूचा झाला होता तसा. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

हंगाम तोवर भरात आला होता. झाडाखाली लाल आणि पिवळे बोंडू नुसते सांडलेले. टोकाला खिळा लावलेल्या काठीने एकेक टोचून उचलायचा, टोपलीत टाकायचा, मग बसून बी पिळून वेगळी करायची. बोंडू एका हातात, बी दुसऱ्या हातात, एक पीळ. आमच्या घरात हंगामात कोणी रिकामं बसत नाही. शिक्षक असले म्हणून काय झालं? पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या पुढ्यात एकेक टोपली ठेवली. म्हटलं, "बोलायचं तेवढं बोला. पण हात चालू ठेवा."

गावस सरांनी पहिलाच बोंडू असा पिळला की रस उडून शर्टावर. तो डाग जात नाही. ते म्हणाले, "आजी, बायकोक काय सांगू?"

"सांग, म्हातारेन कामाक लायलां."

त्या दिवशीही सुनंदाने नेहमीसारखा सराव केला, मांडीत टोपली घेऊन. लीनाने त्याचं रेकॉर्डिंग केलं. मग चहा झाला, उंडे झाले आणि सगळे एका मेजाभोवती ते बघायला बसले. लीना एकदम म्हणाली, "थांबा. मागे घ्या. इथे बघा. मॅडम इथे किती वेळ गप्प आहेत. आणि कोणी काही बोललं नाही."

पुन्हा लावलं. खरंच, सुनंदाने प्रश्न विचारला होता आणि गप्प झाली होती. स्वयंपाकघरातली दुःखी बाई बराच वेळ गप्प राहिली आणि मग आपणहून बोलली. गोठा शांत.

"सर, तुम्ही का नाही ओरडलात?"

गावस सर म्हणाले, "बाईंचे हात चलत होते मगे. हात चलतत म्हणजे बाई आसत."

सुनंदाने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. फोनात ती बोंडू उचलत होती, पिळत होती, बी एका बाजूला, बोंडू दुसऱ्या बाजूला, डोळे समोर. बघता बघता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "गावात आपण हेच करतो की. बाई भाजी निवडत असली तर आपणही दोन काड्या हातात घेतो. मुलांना पहिल्या वर्षी हेच सांगतो. आणि फोन समोर आला की सगळे फोटो काढायला बसल्यासारखे बसतो."

"मी तर पोट आत घेऊन बसतंय," गावस सर म्हणाले.

"म्हणून तुमचा श्वास लागतो फोनवर," लीना म्हणाली.

मग कामाला लागले. फोन कुठे टेकवायचा म्हणजे तोंड आणि हात दोन्ही दिसतील, उजेड कुठून हवा, बोंडू पिळताना आवाज किती येतो, मुलांनाही हातात काही काम घेऊन बसायला सांगायचं का. वाद घातले, एकमेकांच्या चुका काढल्या. एकजण दाखवायचा, दुसरा करायचा, तिसरा हसायचा. ट्रकाजवळची जागा सगळ्यांत बरी ठरली. तिथे सावली होती आणि रेंज कधी तुटत नव्हती. फोन टेकवायला ट्रकाचं चाक.

सगळ्यांच्या देखत वर्ग घ्यायचा तो दिवस आला. प्राचार्य फोनवर, बाकीचे शिक्षक फोनवर, मुलं आपापल्या गावांतून. सुनंदाला मुलांपुढे एक गृहभेट करून दाखवायची होती, म्हणजे एखाद्याच्या घरी जाऊन कसं बोलायचं ते. दुःखी बाई लीना होणार होती. गावस सर म्हणाले, "ह्या पोरीच्या तोंडार दुख्ख दिसताच नाय. आजीक घ्या."

मला पढवलं. मी एकटी म्हातारी. विधवा. घरात बोलायला कोणी नाही. सुनंदा विचारणार, "आजी, दिवसभर बोलायला कोण असतं?" आणि मी म्हणायचं, "कोणी नाही गो बाय." विधवा मी होतेच. बाकीचं खोटं होतं, पण शिकवण्यासाठी खोटं चालतं असं ते म्हणाले.

आम्ही दोघी ट्रकापाशी बसलो. मधे बोंडूंचा ढीग. लीना सोप्यावर, गावस सर गोठ्यात. लीनाने त्यांना म्यूट करून ठेवलं होतं. सुनंदाच्या कपाळावर घाम. तिने मुलांना सांगितलं, की ह्या माझ्या सासूबाई, आज एकटी आजी झाल्यात, आणि ह्या भेटीत मधे मी थांबेन, तेव्हा तुम्हीही थांबायचं. मग माझ्याकडे वळली आणि विचारलं, "आजी, दिवसभर बोलायला कोण असतं?"

आणि थांबली.

मला शब्द पाठ होते. चौथीत मी कविता न चुकता म्हणायचे. पण सुनंदाच्या पाठीमागे ट्रक होता. त्याचं दार, त्याची काच, विष्णूने पुसून पुसून झिजवलेली. सुनंदा बोंडू पिळत होती. मी पिळत होते. फोनात कोणी ओरडलं नाही. वास असा दाटला होता की गिळताना जाणवावा. तिने मान वर केली नाही की खाली केली नाही, नुसती होती. मी म्हटलं ना, ती अशी थांबली की माणूस वैतागून खरं सांगून टाकतो.

मी म्हटलं, "बोलायला मुलगा होता. पण तो ट्रकाकडे बोलायचा. दर रविवारी धुवायचा आणि ओठ हलवायचा. मी लांबून बघायचे. मला जे सांगायचं ते त्या लोखंडाला सांगतो, असं वाटायचं. विचारून काय करणार? ट्रक कधी सुटेल ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं?"

सुनंदाचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मग मी म्हटलं, "आता सून म्हणते, नोकरी सोडते, घरी बसते. ते माका चलचां ना. एका घरात वाट बघत बसलेलं एक माणूस पुरे झालं."

सोप्यावर लीनाने तोंडावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट सुनंदाने कॉलेजात कोणालाही सांगितली नव्हती. आणि प्राचार्य ऐकत होते.

बी पिळल्याचा आवाज येत राहिला. एक, आणखी एक. सुनंदा माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिने फोनाकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "आता तुम्ही ह्या घरात असता, तर पुढे काय केलं असतं?" आवाज स्वच्छ. जरासुद्धा बारीक नाही.

कोणाचं नेट गेलं म्हणून कोणी ओरडलं नाही. मग पेडण्याकडच्या एका मुलीचा आवाज आला. "मॅडम, मी काही विचारलं नसतं. बसले असते."

"का?"

"आजींचं अजून संपलं नसेल असं वाटलं."

आणखी एक मुलगा म्हणाला, "मी सुनेला विचारलं असतं. जाणार की राहणार?"

फोनात हशा पिकला. गोठ्यात म्हैस ओरडली, ती म्यूट नव्हती. सुनंदाने हातातला बोंडू पिळला, बी टोपलीत टाकली आणि म्हणाली, "सुनेचा पुढचा वर्ग सोमवारी, ह्याच वेळेला. येताना हाताला काहीतरी काम घेऊन या."

बस. एवढंच म्हणाली. मला आणखी काही नको होतं. फोन बंद झाला तशी ती मला म्हणाली, "मांय, तुम्ही माझी अब्रू काढलीत."

"काढली. मग?"

"काही नाही. टोपली द्या इकडे."

संध्याकाळी विष्णू आला तेव्हा ते सगळे अजून होतेच. सुनंदाने मला विचारलं, "हे रेकॉर्डिंग ठेवू की पुसून टाकू?" त्यांच्यात तसं विचारावंच लागतं, ज्याची गोष्ट त्याला. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? ट्रक विष्णूचा. त्याला विचार."

विष्णूने हातपाय धुतले, सोप्यावर बसला आणि सगळं बघितलं. मी बोलले तो भागही. गावस सरसुद्धा गप्प, हे मी पहिल्यांदाच बघितलं. विष्णू म्हणाला, "आये, मी ट्रकाकडे बोलत नव्हतंय. गाणी म्हणत होतंय."

"तुका गाणी येतात?"

"येत नाहीत. म्हणून तर ट्रकाकडे म्हणत होतंय."

मग उठता उठता सुनंदाला म्हणाला, "ठेव ता. ट्रक दिसता त्यात. पुढे दिसचो ना."

पावसाच्या आधी त्याने तो भंगारवाल्याला दिला. क्रेन आली, ओढून नेला. विष्णू त्या दिवशी कामावर गेला होता.

ट्रक उभा असायचा तिथली माती अजून काळी आहे, तेल मुरलेली. तिथे गवत येत नाही. जागा मोकळी, म्हणून आम्ही बोंडूंचा ढीग तिथेच करतो. दर वर्षी सुनंदाची नवी मुलं ते रेकॉर्डिंग बघतात, आणि एखादी कधी घरी आली की पहिल्यांदा त्या जागेपाशी जाऊन उभी राहते. गावस सर निवृत्त झाले, पण हंगामात एकदा येतात आणि जुना डागाचा शर्ट घालून येतात. त्यांच्या नातवाला फोन त्यांनी शिकवला, असं सगळ्यांना सांगत फिरतात. त्यावर माझा विश्वास नाही.

काल दुपारी सुनंदाचा वर्ग होता. फोन काजूच्या बुंध्याला टेकवलेला, मधे ढीग, ह्या बाजूला ती, त्या बाजूला मी. तिने काहीतरी विचारलं आणि थांबली. वाळपईकडची कोणी नवी मुलगी असावी. तिला धीर धरवेना. फोनातून आवाज आला, "मॅडम? मॅडम, आहात ना?"

सुनंदा बोलली नाही. ती बोलणार नाही, मला ठाऊक होतं.

मी मान वर न करता म्हटलं, "हात दिसतात मगे? मग थांब."